मिलानचा थांबा

"मिलानला गाडी किती वेळ थांबणार?" नानांनी सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

टूर मॅनेजर स्वानंद हा पोटाला पाऊच बांधलेला, घसा बसलेला मुलगा होता. तो माइकवरूनच म्हणाला, "काका, दुपारी पोचू, संध्याकाळच्या आत निघू. त्यात चर्च, काचेचा बाजार, बैल आणि फ्री टाइम."

"आणि उशीर झाला तर?"

"तर बैल कॅन्सल."

नाना समाधानानं मागे टेकले. माझे वडील बार्शीच्या एसटी स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे जाळीच्या खिडकीतून माइकवर सांगण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. त्यामुळे युरोपात त्यांना एकाच गोष्टीत रस होता, गाडी वेळेवर सुटते की नाही. फ्लॉरेन्सला जगातले उत्तम पुतळे बघून ते काही बोलले नाहीत. तिथून बस ठरल्या वेळेच्या आधी निघाली तेव्हा मात्र म्हणाले, "देश चांगला आहे."

पुढची सीट रोज बदलायची असा टूरचा नियम होता. तो नानांना लागू नव्हता, कारण मागं बसलं की मला उलटी होते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना शांतपणे सांगून ठेवलं होतं. ड्रायव्हरचं नाव यारोस्लाव होतं. नाना त्याला यशवंतराव म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा.

नानांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. त्यात कुरडया होत्या. रोमपासून तो डबा त्यांनी खाली ठेवला नव्हता. प्रत्येक म्युझियमच्या दारात तो उघडावा लागे. आत गव्हाच्या चिकाची वाळलेली पांढरी भेंडोळी बघून इटलीचे पोलीस विचारात पडत, एकानं तर वरिष्ठांना बोलावलं. नाना त्यांना मराठीत सांगत, "कुरडई आहे. तळल्यावर फुलते." आणि ते सोडून देत.

आता हे सांगायला हवं की नाना युरोप बघायला आलेच नव्हते. ते माझ्या बहिणीला, रोहिणीताईला, भेटायला आले होते. टूरमधल्या कुणालाही हे माहीत नव्हतं, आणि नानांना विचारलं असतं तर त्यांनीही ते मान्य केलं नसतं.

ताई पाच वर्षांपूर्वी घर सोडून गेली. लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्न आठवड्यावर आलं असताना ती मिलानच्या फॅशन कॉलेजात दाखल झाली. पुण्याला साडी आणायला म्हणून गेली आणि विमानतळावरून फोन केला. मुलाकडच्यांनी आरडाओरडा केला, आईनं अंथरूण धरलं. नानांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी स्कूटर काढली आणि घरोघर जाऊन पत्रिका परत गोळा केल्या.

असं कुणी केल्याचं बार्शीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण सुटणार नसलेल्या गाडीची पाटी फलाटावर ठेवायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यानंतर ते ताईचं नाव घेत नसत. मागच्या वर्षी आई गेली. ताईचे तिथं राहायचे कागद तेव्हा नूतनीकरणाला गेले होते, बाहेर पडली असती तर परत आत घेतलं नसतं. ती आली नाही. नाना तेव्हाही काही बोलले नाहीत. चार महिन्यांनी मात्र पेपरातली एक जाहिरात माझ्यासमोर टाकून म्हणाले, "युरोप बघून घ्यावं म्हणतो. तू चल, तुला काही काम नाही."

ते खरं होतं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला काही काम नव्हतं. मी जाहिरात वाचली. पुष्कळ देश होते आणि मध्ये एक दुपार मिलान होतं. सरळ मिलानचं तिकीट काढून जाणं म्हणजे आपण होऊन मुलीच्या दारात उभं राहणं. पण टूरवाल्यांनीच नेलं तर त्याला नाना काय करणार?

आदल्या दिवशी व्हेनिसच्या हॉटेलात मी सांगून टाकलं. "उद्या ताई येणार आहे. चर्चच्या चौकात."

"कोण ताई?"

"माझी ताई."

नाना डब्याचं झाकण फडक्यानं पुसत होते. "येऊ दे. चौक काय आपल्या मालकीचा आहे?"

सकाळी त्यांनी बॅगेच्या तळातला इस्त्रीचा पांढरा सदरा काढला. दाढी केली. नाश्ता झाल्यावर परत वर गेले आणि पुन्हा दाढी केली.

*

जगातले सगळे लोक कपडे कसे घालायचे हे ज्या शहराकडे बघून ठरवतात म्हणे, त्या शहरात आम्ही पोपटी टोप्या घालून उतरलो. टोप्या टूरच्या होत्या, सक्तीच्या होत्या.

चर्चच्या तोंडावर परांच्या बांधल्या होत्या आणि परांच्यांवर पाच मजली कापड लावलं होतं. कापडावर एका पर्सचं चित्र होतं. स्वानंद म्हणाला की पर्सच्या मागं जगातलं एक अत्यंत सुंदर चर्च आहे, सहाशे वर्षं बांधत होते. आमच्या लोकांनी पर्सचे फोटो काढले. "पर्स छान आहे," पुढच्या सीटवरून नानांनी ज्यांना हलवलं होतं त्या वैद्यकाकू म्हणाल्या. कॉफी मागितली तर बाहुलीच्या भातुकलीतल्या कपात तळाला काहीतरी काळं आलं, ते बसायच्या आत संपलं. ऊन तर थेट बार्शीचं होतं. त्यासाठी व्हिसा काढायची गरज नव्हती.

चौकात आणखी एक पोपटी टोप्यांचा घोळका होता. नाशिकची कुठलीतरी टूर. रंग आधी कुणी घेतला यावरून दोन टूर मॅनेजरांची तिथंच जुंपली, मराठीत आणि हळू आवाजात, कारण दोघांचेही घसे बसले होते.

भांडण आटोपून स्वानंद म्हणाला, "आता काचेच्या छताच्या बाजारात फरशीवर बैलाचं चित्र आहे. त्याच्या, म्हणजे, मागच्या नाजूक भागावर उजवी टाच ठेवून तीन वेळा गोल फिरायचं. शुभ असतं."

"मागच्याच का? पुढून फिरलं तर?" एका काकांनी विचारलं.

"काका, पुढं शिंगं आहेत."

सगळे निघाले. नाना जागेवरच उभे होते. त्यांनी चौकाकडे एकदा गोल नजर फिरवली, गाडी यायच्या आधी फलाटाकडे बघावं तशी. मग डबा माझ्या हातात दिला.

"मी बैल बघून येतो."

"नाना, ती येईल एवढ्यात. आपण थांबू ना इथंच."

"मग थांब की तू. कोणी आलं-बिलं तर हे देऊन टाक. दमट जागी ठेवू नको म्हणावं." आणि टोपी सारखी करून ते घोळक्यामागून गेले.

ताई दुसऱ्या बाजूनं आली. केस कापलेले, सगळे कपडे काळे. त्या शहरात सगळ्यांचेच काळे होते, जणू सबंध गावाला एकाच घरचं सुतक होतं. ती जवळ आली आणि माझ्या टोपीकडे बघत राहिली.

"काढ ती."

"काढली तर जेवण देत नाहीत."

मग तिनं मला धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. टोपी खाली पडली.

"नाना?"

"बैल बघायला गेलेत."

"बार्शीत कमी पडले काय?"

"हा फरशीतला आहे."

आम्ही चौकातल्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. मी डबा दिला. तिनं झाकण उघडलं आणि हात तसाच राहिला.

"आईच्या?"

"शेवटच्या उन्हाळ्यातल्या. नाना कुणाला हात लावू देत नव्हते. मी एकदा दोन तळल्या तर आठवडाभर बोलले नाहीत."

तिनं एक कुरडई मोडली आणि कच्चीच तोंडात टाकली. काचेचा तुकडा चावल्यासारखा आवाज झाला.

"तळायची असते ती."

"माहितीय रे मला." ती चावत राहिली. मग म्हणाली, "रागात आहेत का?"

"इस्त्रीचा सदरा घातलाय."

"म्हणजे?"

"दोनदा दाढी केलीय."

ती म्हणाली, "मी सकाळपासून तीनदा कपडे बदलले. तिन्ही काळेच आहेत, तरी बदलले. काय करू, विक्या? पाया पडू?"

"पड."

"इथं? चौकात?"

"इथं माणसं बैलाच्या नको त्या जागेवर गोल फिरायलीत. तुझ्याकडं कोण बघतंय?"

ती थोडीशी हसली. मी तिच्या कामाबद्दल विचारलं. आम्हाला एवढंच माहीत होतं की ती मोठ्या फॅशन कंपनीत आहे.

"आहे," ती म्हणाली. "कोट बेतते."

"बायकांचे?"

"कुत्र्यांचे."

ती बोलत राहिली, अगदी सरळ चेहऱ्यानं. "पावसाळी वेगळा, हिवाळी वेगळा. लग्नाचा वेगळा."

"कुत्र्याच्या लग्नाचा?"

"मालकाच्या. कुत्र्याला नुसतं हजर राहायचं असतं. मापं घेताना चावतात. राहते मी बरीच लांब, या चौकात वर्षातून एकदा येते. कुणी आलं तर." तिनं झाकण लावलं. "नानांना सांगू नको. लग्न मोडून मी कुत्र्यांचे कोट शिवायला आले, असं होईल ते."

"ते असंही पत्रिका परत आणायला गेले होते, त्याहून काय वाईट होणार?"

"कुठं गेले होते?"

तिला ते माहीतच नव्हतं. आईनं तिला कधी सांगितलं नव्हतं. मग मी उभा राहिलो आणि सांगायला लागलो. मला नानांचा आवाज हुबेहूब काढता येतो, लहानपणापासून येतो. नाना स्कूटर स्टँडवर लावतात. कडी वाजवतात. दार उघडलं की खिडकीतल्या माइकवर बोलावं तसं बोलतात, "रोहिणी देशमाने यांचा विवाह रद्द करण्यात आला आहे. प्रवाशांच्या होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"प्रवाशांच्या?" ताई म्हणाली.

"सवयीनं गेलं तोंडातून. एका घरी पत्रिकेच्या पाठीवर दुधाचा हिशेब मांडलेला. नाना म्हणाले, उतरवून घ्या, मी थांबतो. थांबले. निंबाळकर आजींनी पत्रिकेवरचा गणपती कापून देव्हाऱ्यात चिकटवला होता. आता गणपती कसा परत मागणार? नाना पाया पडले आणि भोक पडलेली पत्रिका घेऊन आले. एकानं तर आहेराचा कुकर आधीच बांधून ठेवलेला. तो म्हणाला, न्या आता, नाहीतर मला परत कधी जमेल. नाना कुकर घेऊन आले. चांगला आहे, अजून त्यातच भात लावतो."

ताई हसायला लागली. आधी नुसती मान हलली, मग ती तोंडावर हात घेऊन पुढे वाकली, मग डबा बाजूला ठेवून पायरीवर आडवी व्हायचीच बाकी राहिली. "दिलगीर आहोत," ती मध्येच म्हणे आणि परत हसे. शेजारी बसलेली दोन कबुतरं उडाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती थांबेना. आई गेल्यापासून आमच्या घरात असं कुणी हसलं नव्हतं, म्हणून मी आणखी दोन घरं मनानंच वाढवून सांगितली.

मग आम्ही वाट बघितली. आमचे लोक शुभ होऊन परत आले. त्यांच्यात नाना नव्हते. आम्ही बैलापाशी गेलो, तिथं एक जपानी आजोबा फिरत होते. संडासाच्या रांगा बघितल्या. नानांचा फोन बंद होता, बाहेरदेशी फोन चालू ठेवणं म्हणजे पंखा चालू ठेवून गावाला जाणं असं ते मानायचे. ताई भरभर चालत होती, पांढरा सदरा दिसला की पळत होती. पांढरे सदरे पुष्कळ होते, नाना एकातही नव्हते.

निघायची वेळ होत आली तेव्हा स्वानंदचा फोन वाजला. पलीकडे नाशिकचा टूर मॅनेजर होता. आवाज मलाही ऐकू येत होता, त्यात दुष्ट आनंद होता. "तुमचे एक काका आमच्या गाडीत निघालेत. अहो, पार हायवेला लागल्यावर आम्ही डोकी मोजली, तर एक जास्त."

त्यांचाही मुक्काम स्वित्झर्लंडलाच होता. हायवेवर पुढं एक पेट्रोल पंप होता, तिथं नानांना उतरवून घ्यायचं ठरलं. वैद्यकाकू म्हणाल्या, "अगं बाई, आणि हे एसटीतले ना?" सगळे हसले. मीही हसलो. टोप्याच सारख्या, नानांचं तरी काय चुकलं?

ताई हसली नाही.

"चुकून बसले?" तिनं विचारलं.

"चुकून. टोप्या सारख्याच आहेत ना."

"नाना. चुकून दुसऱ्या गाडीत."

"हो."

"बरं," ती म्हणाली.

मी स्वानंदला म्हटलं, हिला पेट्रोल पंपापर्यंत घेऊ या, पाच मिनिटं भेट होईल. तो म्हणाला, विमा सीटवर असतो, आणि रिकामी सीट एकच आहे, काकांची. त्यावर ही बसली तर काका आल्यावर कुठं बसणार? मी म्हटलं, काका आल्यावर ही उतरेल. तो म्हणाला, हायवेवर? आम्ही असे गोल फिरत राहिलो असतो, पण ताईच म्हणाली, "राहू दे, विक्या. नको."

ती बसपर्यंत आली. डबा तिनं छातीशी धरला होता. यारोस्लावनं दार उघडलं.

"त्यांना सांग मी आले होते," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको सांगू."

बस वेळेवर सुटली.

*

नाना पेट्रोल पंपाच्या सावलीत उभे होते. नाशिकच्या लोकांनी त्यांना चहा आणि चिवडा दिला होता. ते आत आले तेव्हा सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या. नानांनी स्वानंदच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "माझ्यामुळं गाडीला उशीर झाला. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." त्यावर आणखी टाळ्या पडल्या. ट्रिपच्या शेवटच्या दिवशी गमतीचं बक्षीस त्यांनाच मिळालं. पोपटी रंगाचा चहाचा मग होता.

याला आता अकरा वर्षं झाली. नाना त्यानंतर सात वर्षं होते. ताई दोनदा यायला निघाली आणि दोन्ही वेळा नानांनी त्याच आठवड्यात कुठंतरी जायचं काढलं. एकदा तर मिरजेला दात काढायला गेले, दात चांगला असताना. ती शेवटी आली ती ते गेल्यावर, दिवसांना. सगळी पांगली तेव्हा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "चुकून म्हणे." मी तिच्यापुढं ताट सरकवलं. कारण त्या संध्याकाळी, टाळ्या थांबल्यावर आणि लोक पेंगायला लागल्यावर, बसमध्ये जे झालं ते असं होतं.

बोगदे सुरू झाले होते. नाना समोरच्या काचेतून रस्ता बघत होते. ते म्हणाले, "बारीक झालीय."

"कोण?"

यारोस्लावनं गिअर बदलला, तिकडे नानांनी लक्ष दिलं.

"नाना, तुम्ही बघितलंत तिला?"

"खांबापाशी होतो. तुमच्या मागं."

"मग आला का नाही?"

"येतच होतो."

"आणि ती गाडी? ती आपली नाही हे कळलं नाही तुम्हाला?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मी काहीतरी बालिश विचारल्यासारखं. "मी पाटी न वाचता गाडीत बसेन होय रे?"

एक बोगदा आला आणि संपला.

"हसत होती," ते म्हणाले. "तुझ्या आईसारखी, तोंडावर हात धरून. इतकी हसत होती. मी समोर येऊन उभा राहिलो असतो की बंद झालं असतं. लगेच बंद झालं असतं." त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली. "समोर ती गाडी लागली होती. बसलो."

मी खाली बघत होतो. त्यांच्या मांडीवर आता काही नव्हतं, तरी दोन्ही हात डबा धरल्यासारखे होते.

"काय सांगत होतास तिला?"

"टूरमधलंच."

"काय पण?"

मी सुचेल ते सांगून टाकलं. "व्हेनिसला होडीत एक काकू त्या नावाड्याला म्हणाल्या ना, सुट्टे नाहीत, पुढच्या स्टॉपला देते. ते."

नानांनी त्यावर विचार केला. ते एखाद्या गोष्टीचा विचार करायला लागले की पुरता करत. डोंगर मागं जात राहिले, वर कुठंतरी बर्फ होतं, आमच्यातले दोघं-तिघं जागे होऊन त्याचे फोटो काढून परत झोपले.

"एवढं काही हसण्यासारखं नाही त्यात," ते म्हणाले.

मग पुष्कळ वेळानं, काचेकडेच बघत, "पण हसली."